गावाची दंडसंहिता कोणी लिहिली?

(बेंगळुरूमधल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचं संपादित रूप)



सुरुवातीलाच सांगते, मी वकील नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं, आता पीएच.डी. चालू आहे. त्यामुळे आज कायद्यावर बोलणार असले तरी माझा प्रश्न समाजशास्त्राचाच आहे: एखादी कृती ‘गुन्हा’ आहे, हे ठरवतं कोण?

इथे बसलेले बरेच जण आपल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. गावाकडे काही झालं की फोन आपल्याला येतो. शेताच्या बांधावरून मारहाण झाली, वरातीवर दगड आले, पंचांनी दंड लावला, की लगेच ‘तू शिकलेला आहेस, काय करायचं सांग.’ आपण इंजिनिअर असू, बँकेत असू, साहित्याचे विद्यार्थी असू, घरच्यांच्या दृष्टीनं कागद वाचता येणारे आपणच. म्हणून हा प्रश्न फक्त वकिलांवर सोडून चालत नाही.

लिहिलेली संहिता नसेल तर फौजदारी कायदा येतो कुठून? याचं पुस्तकी उत्तर इंग्लंडकडे बोट दाखवतं. इंग्लंडनं आपला सगळा फौजदारी कायदा एका संहितेत कधीच बांधला नाही. तिथे अनेक गुन्ह्यांसाठी संसदेचे कायदे आहेत. पण खुनासारख्या सगळ्यात मोठ्या गुन्ह्याची व्याख्या आजही मुळात न्यायाधीशांच्या जुन्या निकालांतून आलेली आहे. एका न्यायाधीशानं ठरवलं, दुसऱ्यानं ते पुढे नेलं, तिसऱ्यानं मर्यादा घातली, अशी शतकानुशतकं चाललेली परंपरा. तिला ते ‘कॉमन लॉ’ म्हणतात.

या पद्धतीतला धोका १९६१ साली उघड दिसला. लंडनमध्ये शॉ नावाच्या माणसानं वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे पत्ते आणि फोन नंबर असलेली पुस्तिका छापली. त्याच्यावर इतर आरोपांबरोबर ‘सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवण्याचा कट’ हाही आरोप ठेवला गेला. संसदेनं असा गुन्हा कुठल्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. तरीही हाऊस ऑफ लॉर्ड्सनं शिक्षा कायम केली. समाजाच्या नीतीचं रक्षण करण्याचा शिल्लक अधिकार आपल्याकडे आहे, असं त्यांनी मानलं. तिथेच यावर भरपूर टीका झाली, आणि नवे गुन्हे निर्माण करणं हे न्यायालयाचं काम नाही, असं पुढे त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं.

या गोष्टीतून मला एवढंच घ्यायचं आहे. कायदा लिहिलेला नसला म्हणजे तो नसतो असं नाही. तो खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात असतो. मग खुर्चीवर कोण बसलं आहे, याला फार महत्त्व येतं.

आता आपल्याकडे येऊ. पेशवाईचा पाडाव १८१८ साली झाला. त्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. तो जिंकणाऱ्याचा अहवाल आहे, म्हणून सावधपणे वाचायला हवा. पण फौजदारी न्यायाबद्दल त्यानं नोंदवलेलं चित्र विचार करण्यासारखं आहे. शिक्षा देताना कुठला ग्रंथ समोर नसे. चालत आलेली रूढी आणि अधिकाऱ्याला त्या वेळी जे सोयीचं वाटेल ते, हाच नियम. धर्माशी संबंधित प्रकरण असेल तर शास्त्र्यांना कधीमधी विचारलं जाई. कोणी किती शिक्षा द्यावी, याच्या मर्यादाही पक्क्या नव्हत्या. एखादा पाटील फटके मारी, दंड घेई, आठवडेच्या आठवडे खोड्यात घाली. दुसऱ्या गावच्या पाटलाला कुणाला कोंडून ठेवण्याचीही हिंमत नसे. पदापेक्षा वजन मोठं होतं. शिक्षा माणूस बघून बदलत असे. ब्राह्मण कैद्याला उघडपणे देहान्त देता येत नसे, म्हणून त्याला विष देत किंवा निम्मं पीठ आणि निम्मं मीठ अशा भाकरीवर ठेवून संपवत, अशीही नोंद त्यात आहे.

म्हणजे तिथेही अलिखित कायदा होता. तो पाटील, मामलेदार, सरसुभेदार आणि शास्त्री यांच्या डोक्यात होता. महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस यांपैकी कुठल्याच खुर्चीवर बसत नव्हता.

इथे कोणी म्हणेल, मग लिहून काढलं की प्रश्न सुटला. तसं नाही. मनुस्मृती लिहिलेलीच आहे. तिच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीचे दंड दिले आहेत. क्षत्रियानं ब्राह्मणाला अपशब्द बोलले तर शंभर पण दंड, वैश्यानं बोलले तर दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट बाजूनं ब्राह्मणानं क्षत्रियाला बोललं तर पन्नास, वैश्याला पंचवीस, शूद्राला बारा. कृती एकच, पण तोंड कोणाचं आणि कान कोणाचा, यावर गुन्ह्याची किंमत ठरते. यालाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. ती शाईनं लिहिली म्हणून सपाट होत नाही.

म्हणून संहितेकडून आपल्याला दोन गोष्टी हव्यात. ती आधी लिहिलेली आणि सगळ्यांना वाचता येणारी असावी, आणि ती कृतीकडे बघणारी असावी, जातीकडे नाही. यातली एकच मिळाली तर फसगत होते.

इंग्रजांच्या काळात काय झालं ते पाहू. मुंबई इलाख्यात १८२७ साली एल्फिन्स्टनचे रेग्युलेशन आले. त्यातलं चौदावं रेग्युलेशन गुन्हे आणि शिक्षांबद्दल होतं. पुढे मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला. तो बरीच वर्षं पडून राहिला, १८६० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. ज्या इंग्लंडनं स्वतःचा फौजदारी कायदा एका पुस्तकात आणला नाही, त्यानं आपल्या वसाहतीत मात्र संहिता आणली. राज्य करायला सोपं, हा त्यामागचा हेतू होताच. तरी एक गोष्ट घडली. खून म्हणजे खून, दुखापत म्हणजे दुखापत. करणारा ब्राह्मण असो की महार, कलम एकच. निदान कागदावर.

पण १८२७ च्याच रेग्युलेशनांमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या रेग्युलेशनात एक कलम होतं. जातीच्या प्रश्नांमध्ये न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये. जातीतून काढल्यामुळे अब्रूची हानी झाली असेल तर भरपाईचा दावा तेवढा लावता येईल. वरून हे तटस्थ वाटतं. प्रत्यक्षात सरकारनं एक संहिता स्वतःकडे घेतली आणि दुसरी जातीकडे ठेवू दिली. कोणाला वाळीत टाकायचं, कोणाला दंड लावायचा, कोणाचं पाणी तोडायचं, हे ठरवणारा अलिखित कायदा तसाच राहिला, आणि सरकारचा लिखित कायदा त्याच्या दारात थांबला.

सरकारच्या लिखित कायद्यानंही आपला शब्द पाळला नाही. १८७१ मध्ये उत्तर भारतासाठी गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि १९११ च्या कायद्यानं तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत पोचला. कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा कितीतरी समाजांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं गेलं. हजेरी, परवाना, वसाहत. सोलापूर आणि हुबळी इथल्या सेटलमेंट आपल्यापैकी काहींच्या घरच्या आठवणीत असतील. इथे गुन्हा करावा लागत नव्हता, जन्मावं लागत होतं. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले, आणि तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमध्ये जात टिकून राहिली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला. तेव्हा कुठे अनेक राज्यांमधले, जातीवरून झाडलोट आणि स्वयंपाकाची कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरले. संविधान लागू होऊन तोपर्यंत चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती.

आता महाडकडे येते. महाडच्या सत्याग्रहाकडे आपण समतेचा लढा म्हणून बघतो, आणि ते बरोबरच आहे. पण आजच्या विषयाच्या बाजूनं बघितलं, तर महाडला दोन फौजदारी कायदे समोरासमोर आले.

१९२३ साली सी. के. बोले यांच्या नव्हे, सीताराम केशव बोले यांच्या, म्हणजे रावबहादूर बोलेंच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. सरकारी दंडसंहितेनुसार मारहाण हा गुन्हा होता, आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षाही झाली. गावाच्या संहितेनुसार पाणी पिणं हा गुन्हा होता आणि मारहाण ही त्याची शिक्षा होती. हल्ला करणाऱ्यांना आपण गुन्हा करतो आहोत असं वाटत नव्हतं. आपण निकालाची अंमलबजावणी करतो आहोत, असंच त्यांना वाटत होतं. नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यांचं म्हणणं होतं, अस्पृश्यांनी या तळ्यावर येऊ नये ही अनादी काळापासूनची रूढी आहे, आणि रूढी म्हणजे कायदा. अलिखित कायद्याचा हा सगळ्यात नेमका युक्तिवाद. त्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. म्हणजे एकाच गावात, एकाच महिन्यात, विषमतेचा लिहिलेला कायदा जाळला गेला आणि न लिहिलेला कायदा न्यायालयात उभा होता.

जाळलेल्या पुस्तकाची आठवण आपण दरवर्षी काढतो. त्या खटल्याची फारशी काढत नाही. बाबासाहेब तो दहा वर्षं लढले. खालच्या न्यायालयात जिंकले, अपिलात जिंकले, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठासमोरही जिंकले. न्यायालय काय म्हणालं? अशी अनादी रूढी होती हे वादींना सिद्ध करता आलेलं नाही. अशी रूढी न्याय्य आहे का, या प्रश्नात न्यायालय शिरलंच नाही. फक्त पुरावा मागितला, आणि ‘पूर्वापार चालत आलं आहे’ यापलीकडे वादींकडे पुरेसं काही नव्हतं. अलिखित कायद्याची खरी ताकद त्याला कोणी पुरावा विचारत नाही यात असते. महाडला तो विचारला गेला.

बाबासाहेबांनी पुढे ही अलिखित संहिता स्वतः लिहून काढली. गावगाड्यावरच्या त्यांच्या इंग्रजी लेखनात त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे की प्रत्येक गावात स्पृश्यांची एक संहिता असते, आणि अस्पृश्यांनी काय केलं किंवा काय केलं नाही तर तो गुन्हा, हे तिच्यात ठरलेलं असतं. मग त्यांनी यादी दिली. जमीन किंवा गुरं घेणं, घरावर कौलं घालणं, स्वच्छ कपडे, पायात जोडे, अंगावर सोनं किंवा हातात घड्याळ घालणं, मुलांना भारदस्त नावं ठेवणं, हिंदूसमोर खुर्चीवर बसणं, गावातून घोड्यावर किंवा पालखीत जाणं, मिरवणूक काढणं, जोहार न घालणं, सुसंस्कृत भाषा बोलणं. यातल्या एकाही कृतीनं कुणाला दुखापत होत नाही. सगळ्या कृतींमध्ये माणूस फक्त आपल्या ठरवून दिलेल्या जागेवरून थोडा वर सरकतो, तेवढाच गुन्हा. बाबासाहेब आणखी एक गोष्ट दाखवतात: शिक्षा नेहमी सामूहिक असते. एकानं केलं तरी सगळी वस्ती भोगते. आणि फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा हे सगळे तेच.

हे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही. महाराष्ट्र शासनानं ते त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये छापलं. त्याच वर्षी संसदेनं अनुसूचित जाती आणि जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा केला. हा योगायोग आहे. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा, एवढीच माझी आज सगळ्यांना विनंती आहे.

त्याआधी संविधानाची तीन कलमं. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि प्रथाही धरल्या आहेत. म्हणजे कायद्याचं बळ असलेली रूढी मूलभूत हक्कांच्या विरोधात असेल तर ती टिकत नाही. १८२७ ला जातीला दिलेली ती सूट इथे संपायला हवी होती. अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणं शिक्षापात्र केलं. अनुच्छेद २० म्हणतो, कृती घडली तेव्हा ती ज्या कायद्यानं गुन्हा होती, त्याच कायद्यानं शिक्षा देता येईल. शॉला लंडनमध्ये जशी शिक्षा झाली, तशी आपल्याकडे देता येणार नाही, हा त्याचा साधा अर्थ.

आता ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३ उघडा. अखाद्य वस्तू खायला-प्यायला लावणं. दारात घाण किंवा मेलेलं जनावर टाकणं. चपलांचा हार घालणं, नग्न किंवा अर्धनग्न धिंड काढणं. मुंडण करणं, मिशा काढणं, तोंडाला काळं फासणं. पाणवठा, स्मशान, रस्ता वापरू न देणं. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्याला, चपला किंवा नवे कपडे घालण्याला, लग्नाची वरात काढण्याला, वरातीत घोड्यावर बसण्याला आडकाठी करणं. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार. यातली बरीचशी कलमं २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं आली.

आपल्याला लोक विचारतात, कायद्यात एवढ्या बारीक गोष्टी कशाला? चपला, मिशा, घोडा? तर हे तपशील मसुदा करणाऱ्यांच्या कल्पनेतून आलेले नाहीत. ही गावाचीच दंडसंहिता आहे, उलटी करून लिहिलेली. घोड्यावर बसणं हा गावाचा गुन्हा होता, घोड्यावरून उतरवणं हा देशाचा गुन्हा झाला. मुंडण आणि धिंड ही गावाची शिक्षा होती, तीच आता आरोपपत्रातली कृती झाली. आरोपी आणि न्यायाधीश यांच्या जागा बदलल्या. म्हणून ‘फौजदारी कायदा कुठून येतो’ या प्रश्नाचं आपल्यापुरतं एक उत्तर असं: या कायद्यातला प्रत्येक खंड कुणीतरी भोगलेल्या शिक्षेतून आला आहे. आपल्या आजी-आजोबांची साक्ष त्यात आहे, त्यांचं नाव नसलं तरी.

मग जुनी संहिता मेली का? जातपंचायतींकडे बघा. महाराष्ट्रात पंच दंड लावतात, जातीबाहेर टाकतात, मयताला खांदा देऊ देत नाहीत, लग्न लागू देत नाहीत. कोकणात गावकीनं वाळीत टाकल्याच्या तक्रारी अनेक वर्षं येत राहिल्या. हे फक्त भटक्या-विमुक्तांमध्ये घडतं असं चित्र प्रसारमाध्यमं रंगवतात, ते खोटं आहे. बलदंड जातींना वेगळी पंचायत भरवावी लागत नाही, कारण ग्रामपंचायत, सोसायटी आणि पतसंस्था त्यांच्याच हातात असते. तरीही पंचांच्या दंडाखाली भरडला जाणारा माणूस, आणि त्याहून जास्त बाई, आपलीच आहे. तिथे ‘आमची संस्कृती’ म्हणून गप्प बसणं आपल्याला परवडणारं नाही.

मुंबई राज्यानं १९४९ मध्येच जातीबाहेर टाकण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध एक अशा बहुमतानं रद्द केला. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा एकटे वेगळे राहिले. बहिष्कृत माणसाची स्थिती अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी अनुच्छेद १७ चा आधार घेऊन मांडलं. तो निकाल आज नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पुनर्विचारासाठी सोपवलेला आहे. मधल्या काळात महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. विधिमंडळानं तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आणि तो दंड पीडिताला भरपाई म्हणून देता येतो. पंच दंड घेत होते, आता पंचांकडून दंड घेता येतो. पुन्हा तेच: जुनी शिक्षा उलटी करून लिहिलेली.

लिहिलं की झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. लिहिलेलं कोणीतरी वाचावं लागतं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात जुनी संहिता असू शकते. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांना गावानं मिळून मारलं. सत्र न्यायालयानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं म्हटलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली, आणि ॲट्रॉसिटीचा मुद्दा त्यांनीही मान्य केला नाही. खून दिसला. ज्या संहितेनं तो खून घडवला ती दिसली नाही.

आपण ज्या राज्यात बसलो आहोत तिथलंही बघू. तेव्हाच्या कोलार जिल्ह्यातल्या कंबालपल्लीत ११ मार्च २००० ला सात दलितांना जाळून मारलं. साक्षीदार फिरले आणि २००६ मध्ये सगळे आरोपी सुटले. उलट कोप्पळ जिल्ह्यातल्या मरकुंबीत २०१४ ला दलित वस्तीवर हल्ला झाला, घरं जाळली. तिथे केशकर्तनालयात आणि हॉटेलात दलितांना प्रवेश नसण्याचा वाद होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोप्पळच्या न्यायालयानं ९८ जणांना जन्मठेप दिली. पुढे अपिलाची लढाई आहेच. तरी सामूहिक शिक्षा देणाऱ्या गावाला न्यायालयानं सामूहिकपणे दोषी धरलं, ही नोंद महत्त्वाची आहे. कायदा दोन्हीकडे एकच होता. फरक साक्षीदार टिकण्याचा आणि वाचणाऱ्याचा.

न्यायाधीश लिखित कायद्यात भर कशी घालतात, याचं उदाहरण तर आपण जगलो आहोत. २० मार्च २०१८. तारीख लक्षात घ्या, महाडचीच. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ॲट्रॉसिटी कायद्याला अटी जोडल्या: आधी प्राथमिक चौकशी, सरकारी नोकराच्या अटकेआधी नेमणूक करणाऱ्याची परवानगी, इतरांसाठी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची. संसदेनं यातलं काहीच लिहिलं नव्हतं. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसं रस्त्यावर आली, काहींचा जीव गेला. ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८-अ घालून त्या अटी काढल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयानंही आपले निर्देश मागे घेतले. त्या कलमाचा उगम विचारला तर मी संसदेच्या आधी २ एप्रिलचं नाव घेईन.

शेवटी कामाचं बोलते. गावाकडून फोन आला तर आपण काय करू शकतो?

पहिलं, घडलेली गोष्ट ‘भांडण’ या शब्दात मावू देऊ नका. ठाण्यात किरकोळ मारामारी म्हणून नोंद होते, कारण तसं सांगितलं आणि तसंच लिहिलं जातं. काय बोललं गेलं, कोणासमोर, कुठल्या जागी, कशापासून अडवलं, हे क्रमानं सांगायला लावा. मग कलम ३ शेजारी ठेवून बघा, यातलं नेमकं काय घडलं. जे घडलं तेवढंच, वाढवून नको.

दुसरं, तोंडी सांगितलेली तक्रार लिहून घेणं, सही घेण्याआधी वाचून दाखवणं, तिची प्रत देणं ही कलम ४ नुसार अधिकाऱ्याची कर्तव्यं आहेत. ती जाणूनबुजून टाळली तर त्यालाही शिक्षा आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा आणि साठ दिवसांत आरोपपत्र द्यायचं, असं नियम ७ सांगतो. कलम १५-अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आहेत: संरक्षण, प्रवासखर्च, सुनावणीची माहिती. कंबालपल्लीत साक्षीदार का फिरले असतील, याचा विचार केला तर हे कलम किती मोलाचं आहे ते कळेल.

तिसरं काम आपलं, शिकलेल्यांचं. आपल्या गावची संहिता लिहून काढा. कुठली विहीर, कुठलं देऊळ, कुठलं हॉटेल, वरात कुठल्या वळणावर वाजंत्री बंद करते, स्मशान कुणाचं वेगळं, कोणाला कधी दंड लागला. आईला विचारा, आजोबांना विचारा, तारखा शक्य तितक्या नेमक्या लिहा. ‘पूर्वापार असंच आहे’ म्हणणाऱ्यांना १९३७ ला पुरावा देता आला नाही. आपल्याकडे तो असायला हवा.

जय भीम. आता प्रश्न घेऊया.